तीन तारखा असलेला चाकू: भेट मिळालेल्या एका शिकारी चाकूची ओळख आणि किंमत

दादानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, चाकू म्यानासकट माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "एकोणसत्तर सालचा आहे. हातानं घडवलेला. आता तू फक्त किंमत सांग." म्हणजे चाकू कोणता, कधीचा आणि कोणी केलेला, हे त्याच्या लेखी ठरून गेलं होतं.

चाकू त्याला काकांकडून मिळाला होता. काका म्हणजे माझ्या आतोबांचे जुने स्नेही. वय ब्याऐंशी, उमेदीची सगळी वर्षं अमेरिकेत गेली, तिथे परवाना काढून हरणाची शिकार करायचे. चाकू देताना ते म्हणाले, "हा खास करून घेतलेला आहे बरं का. एकोणसत्तरचा आहे." दादाला एवढंच आठवत होतं. पुढे त्यानं एका विक्रेत्याला फोटो पाठवले. "हँडमेड आहे, कस्टम आहे, दुर्मीळ आहे, माझ्याकडे द्या, मी विकून देतो," असं त्याचं उत्तर आलं. विक्रीत ज्याचा वाटा आहे त्यानं केलेलं मूल्यांकन मी धरत नाही. तो माणूस खोटंच बोलतो असं मला म्हणायचं नाही. पण वस्तूकडे पाहण्याआधीच उत्तर कुठल्या बाजूला झुकावं हे त्याच्यासाठी ठरलेलं असतं.

दादाला चाकू विकायचा नव्हता. घरातल्या मौल्यवान वस्तूंचा विमा उतरवायचा होता आणि त्या यादीत चाकूसमोर एक आकडा लिहायचा होता. किंमत कशासाठी हवी आहे यावरच ती बरीचशी ठरते, म्हणून हे आधीच विचारून घेतलं.

"कस्टम" या शब्दाची गडबड

चाकूंच्या बाजारात कस्टम हा शब्द निदान चार वेगळ्या गोष्टींना लावतात. एक म्हणजे एकाच कारागिरानं गिऱ्हाइकाच्या मागणीवरून पात्यापासून मुठीपर्यंत स्वतः केलेला चाकू. दुसरा प्रकार कारखान्याच्याच खास विभागात गिऱ्हाइकाच्या पसंतीची मूठ आणि पातं जोडून मिळणारा. तिसऱ्यात तयार पातं विकत आणून हौशी माणूस घरी त्याला मूठ बसवतो. चौथा प्रकार कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडलेल्या आणि नंतर कोणीतरी बदललेल्या चाकूचा: मूठ नवी, गार्ड (हात धारेवर घसरू नये म्हणून मूठ आणि पातं यांच्या मधे बसवलेला धातूचा आडवा तुकडा) नवं, वर नाव कोरलेलं. खरं तर कस्टम हा शब्द पहिल्याला शोभतो. चौथ्याला कस्टमाइज्ड म्हणावं. उच्चारात फरक थोडाच आहे, पण किमतीत तो कित्येक पटींचा पडू शकतो, आणि भेट देणारा माणूस चारही गोष्टींना "खास करून घेतलेला" असंच म्हणतो. काकांनीही तेच म्हटलं होतं.

मी दादाला विचारलं, "काकांनी 'करून घेतलेला' म्हटलं की 'घडवून घेतलेला'?"

"तेच ते," दादा म्हणाला.

तेच ते नव्हतं. पण ते नंतर कळलं.

आधी जे व्हायला नको होतं

चाकू माझ्यापर्यंत येण्याआधी दादानं पितळी गार्ड धातूच्या पॉलिशनं घासून लख्ख केलं होतं. मुठीच्या खाचांमध्ये पॉलिशची पांढरी पूड अजून दिसत होती. वाईट वाटलं, कारण जुन्या पितळेवर बसलेला तपकिरी थर वयाचा साक्षीदार असतो. तो थर सगळीकडे सारखा असेल तर गार्ड आणि पॉमेल, म्हणजे मुठीच्या मागच्या टोकाचा धातूचा तुकडा, एकाच वेळी बसवलेत असं मानता येतं. एकीकडे दाट आणि दुसरीकडे नवा असेल, तर मधे कधीतरी दुरुस्ती झाली आहे. आता पॉमेलवर थर होता आणि गार्ड मात्र आरशासारखं चमकत होतं, त्यामुळे ही तुलना करण्याची सोय उरली नाही.

अशी वस्तू हातात आली की पहिले काही दिवस तिला काहीच करू नये. धार लावू नये, तेलात बुडवू नये, गंजाचा डाग दिसला तरी सँडपेपर हातात घेऊ नये. पातं कोरड्या मऊ कापडानं पुसावं आणि म्यानातून काढून वेगळं ठेवावं, एवढं पुरेसं आहे. चाकू म्यानातच ठेवणं सुरक्षित वाटतं, पण चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार व आम्ल त्यात उरलेले असतात. त्यानं पात्यावर बारीक खड्डे पडतात आणि पितळेला हिरवा कळंक चढतो. या म्यानाच्या तोंडाशी, जिथे गार्ड टेकतं, तिथे चामडं हिरवं पडलेलं होतंच.

मोजमाप आणि पहिला अंदाज

कॅलिपरनं मोजलं. गार्डच्या पुढे पातं १४९ मिलिमीटर भरलं. क्लिप पॉइंट, म्हणजे पाठ टोकाकडे आत वळून टोक निमुळतं झालेलं. दोन्ही बाजूंना लांब पन्हळ. पात्याच्या पाठीवर कानशीनं केलेली वेलीसारखी नक्षी. मूठ शिंगाची, गार्ड आणि पॉमेल पितळेचं. गार्डला चुंबक लावून पाहिलं, चिकटला नाही. म्हणजे निदान लोखंडावर पितळेचा मुलामा नव्हता.

सहा इंचांच्या आसपासचं क्लिप पॉइंट पातं आणि त्यावर लांब पन्हळ ही घडण चाकूंकडे पाहत आलेल्या माणसाला लगेच एका कारखान्याकडे घेऊन जाते: अमेरिकेतल्या बक कंपनीचं ११९ क्रमांकाचं मॉडेल. त्याचं पातं सहा इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर. कारखान्यातून निघताना मूठ काळ्या फिनॉलिक रेझिनची, म्हणजे एका टणक प्लॅस्टिकची, गार्ड आणि पॉमेल ॲल्युमिनियमचं. इथे मूठ वेगळी, धातू वेगळा आणि पातं तीन मिलिमीटर कमी. टोक वर्षानुवर्षं धार लावून मागे येतं, तेव्हा तीन मिलिमीटरचं नवल नव्हतं. पण या घडणीची नक्कल पुष्कळांनी केली आहे. नुसत्या आकारावरून नाव ठरवणं म्हणजे चालीवरून माणूस ओळखणं, तेवढ्यावर थांबता येत नाही.

ठसा

धार सुरू होण्याआधी गार्डला लागून पात्याचा एक बोथट चौकोनी तुकडा असतो, त्याला रिकासो म्हणतात. बनवणाऱ्याचा ठसा बहुतेक वेळा तिथेच मारलेला असतो. इथे तो भाग गुळगुळीत दिसत होता. मूठ बदलणाऱ्यानं पात्याला आरशासारखी झिलई दिली होती आणि तीत ठसा जवळजवळ घासला गेला होता.

अशा वेळी उजेड समोरून टाकायचा नाही. खोलीतला दिवा बंद केला, मोबाईलचा टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरला आणि दहा पटींच्या भिंगातून पाहिलं. सपाट पृष्ठभाग काळा पडला आणि खोलगट जागेच्या कडा उजळल्या. वरच्या ओळीत बक हे नाव, अर्धवट. मधल्या ओळीत ११९. खाली यू.एस.ए.ची धूसर अक्षरं. आणि ११९ शेजारी एक बारीक रेघ, जी दादा ओरखडा समजत होता. टॉर्च थोडा फिरवला तेव्हा दिसलं की रेघा दोन आहेत आणि उजवीकडे जाऊन एका टोकाला मिळतात. गणितातलं "पेक्षा मोठे" हे चिन्ह असतं ना, अगदी तसं.

त्या चिन्हानं एक तारीख पक्की केली. बक कंपनी १९८६ पासून मॉडेल क्रमांकाशेजारी वर्षाची खूण मारू लागली. १९८६ ची खूण डावीकडे टोक असलेला कोन आणि १९८७ ची उजवीकडे टोक असलेला. त्याआधीचे चाकू ठशाच्या मांडणीवरून ओळखतात: जुन्यांवर नुसतं बक, १९६७ च्या सुमारास त्याखाली यू.एस.ए. आलं, आणि मॉडेल क्रमांक ठशात आला तो १९७० चं दशक उजाडल्यावर. १९६९ चा चाकू असता तर त्यावर ११९ हा आकडाच नसता. म्हणजे हे पातं १९८७ चं, कारखान्यातलं. त्या वर्षांत कंपनी ४२५एम हे स्टेनलेस स्टील वापरत होती. त्याआधी ४४०सी होतं आणि पुढे ४२०एचसी आलं. नुसत्या डोळ्यांनी हे तीन स्टील एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून इथे स्टीलचं नाव वर्षावरून घेतलं आहे, वर्ष स्टीलवरून काढलेलं नाही.

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे काका चुकीचं सांगतायत?"

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची आठवण एका भिंगानं खोटी ठरवण्याची मला मुळीच घाई नव्हती. मी म्हटलं, "पातं सत्त्याऐंशीचं आहे, एवढंच ठरलंय. मुठीचं बघायचं राहिलंय."

ठसा सापडलाच नसता तर काम फार लांबलं असतं. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर बनवणाऱ्या देशाचं नाव असणं बंधनकारक झालं, त्यामुळे जुन्या परदेशी चाकूवर देशाचं नाव आहे की नाही यावरूनही काही अंदाज बांधता येतो. केस या दुसऱ्या अमेरिकन चाकू कंपनीनं १९७० साली ठशाखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी करत नेला, तेव्हा तिथे नुसते ठिपके मोजून साल निघतं. स्वतंत्र कारागिराचा चाकू असेल तर पात्यावर त्याचं नाव किंवा चिन्ह असतं, आणि १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेची परीक्षा तो उत्तीर्ण झालेला असेल तर नावाजवळ जे.एस. किंवा एम.एस. ही अक्षरं, म्हणजे जर्नीमन किंवा मास्टर स्मिथ. आमच्या पात्यावर कारखान्याशिवाय दुसरं कोणाचंही नाव नव्हतं.

मूठ

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ मुठीनं घेतला.

पहिला प्रश्न, शिंग खरं की प्लॅस्टिकचं? साच्यात ओतलेल्या नकली शिंगावर बहुधा साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, आणि दोन्ही बाजूंच्या खाचा संशय यावा इतक्या सारख्या असतात. इथे एकही खाच दुसरीसारखी नव्हती. तापलेली सुई टोचून वास घ्यायची जुनी परीक्षा अजून सांगितली जाते. कृपा करून ती करू नका. कायमचं भोक पडतं, आणि जुनं सेल्युलॉइड निघालं तर ते भडकन पेट घेतं.

दुसरा प्रश्न, कोणाचं शिंग? मराठीत आपण दोन्हींना शिंगच म्हणतो, पण सांबर-चितळासारख्या हरणाचं शिंग हे हाड असतं, दरवर्षी गळतं आणि नव्यानं उगवतं. गाईम्हशीचं शिंग बाहेरून केराटिनचं, आपल्या नखाच्या जातीचं. हाडासारख्या शिंगात वरचा थर टणक आणि मधे सच्छिद्र गाभा असतो. हा गाभा किती जाड आहे त्यावर मुठीची प्रत ठरते. चाकूच्या मुठींसाठी जगभर सर्वात नावाजलेलं शिंग आपल्या सांबराचं. त्याचा बाहेरचा थर जाड आणि घट्ट, गाभा अगदी थोडा. इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या चाकूंच्या कारखान्यांना वर्षानुवर्षं ते भारतातून जात असे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सांबर संरक्षित आहे आणि आता त्याच्या शिंगाचा व्यापार बंद आहे. त्यामुळे जुन्या, रीतसर बाहेर गेलेल्या सांबरशिंगाला भाव चढला आहे, आणि कागदपत्रं नसतील तर तेच शिंग मालकाला अडचणीत आणू शकतं. हस्तिदंताचं तर विचारूच नये. आफ्रिकी हत्ती १९८९ साली साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात गेला आणि त्याच्या दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबला. भेट आलेल्या चाकूची मूठ कशाची आहे हे ओळखणं म्हणूनच नुसत्या हौसेचं काम राहत नाही. वस्तू सीमेपलीकडे न्यायची असेल तर उत्तर माहीत असलंच पाहिजे.

मूठ पॉमेलला जिथे मिळते तिथे भिंग धरलं. शिंगाच्या कडेला टणक थर जेमतेम तीन मिलिमीटर होता आणि आत जुन्या पावासारखा भोकाभोकांचा गाभा. ती भोकं फिकट पिवळ्या रेझिननं भरून घासून सपाट केली होती. सांबर नक्कीच नाही. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं शिंग असं असतं.

मी बराच वेळ तिथेच अडकलो. कारण बाकीचं काम चांगलं होतं. पाठीवरच्या वेलीचे झोके दोन्ही बाजूंनी एकमेकांशी जुळत होते. गार्ड आणि पातं यांच्या मधल्या फटीत कागदाचा कोपरा शिरला नाही. शिंगाच्या वाकड्यातिकड्या कडेवर पॉमेल असं बसवलं होतं की नख फिरवलं तरी कुठे अडकत नव्हतं. वाकड्या शिंगावर सपाट धातू इतका नीट बसवायला एका संध्याकाळची मेहनत पुरत नाही. ज्याच्या हातात एवढी सफाई आहे त्यानं गाभा भरावा लागणारं, एरवी बाजूला टाकलं असतं असं शिंग का निवडलं? चांगलं शिंग त्या काळी विकत मिळत होतं. मी वहीत लिहिलं: "शिंग हलकं, काम उत्तम. मेळ बसत नाही." आणि पुढे गेलो.

कोरीव अक्षरं आणि म्यान

पॉमेलच्या तळाशी दोन अक्षरं आणि ९२ हा आकडा. भिंगाखाली खाचेचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन्ही भिंती चमकदार, आणि वळणावर रेघ किंचित रुंद होऊन पुन्हा बारीक. हातात धरलेल्या कोरणीचं हे काम. लेसरची रेघ एकसारख्या जाडीची आणि भाजल्यासारखी काळपट असते, आम्लानं काढलेल्या अक्षरांचा तळ खरबरीत. अक्षरं काकांच्याच नावाची आद्याक्षरं होती. म्हणजे दुसरी तारीख मिळाली: १९९२. पातं १९८७ चं, बदल १९९२ चा. वय आणि काम यांचं गणित सरळ जमत होतं, फक्त एकोणसत्तर अजून लोंबकळत होतं.

म्यान कारखान्याचं नव्हतं. दोन सुयांनी घातलेली हातशिवण, पुढून मागून सारखीच. धार टाक्यांना कापू नये म्हणून दोन चामड्यांच्या मधे घातलेली तिसरी पट्टीही होती. पट्ट्याचा लूप उलटून आत पाहिलं तर शिक्क्यानं दाबलेली दोन अक्षरं दिसली, काकांची नव्हेत. दुसऱ्या कोणाची तरी.

इथे काम करणाऱ्याची सही सापडली होती. पण ती कोणत्याही नावाजलेल्या कारागिराच्या चिन्हाशी जुळली नाही. दोन अक्षरांवरून माणूस शोधायचा मोह मोठा असतो. कुठल्याशा प्रसिद्ध माणसाची तीच आद्याक्षरं निघतात आणि मालकाला वाटतं, आपल्या हाती घबाड लागलं. चिन्हाचा आकार, अक्षरांची वळणं, काम करण्याची पद्धत आणि काळ या चारही गोष्टी जुळल्या तरच नाव घ्यावं. इथे नुसती अक्षरं होती. मी लिहिलं: "म्यान व मूठ बहुधा एकाच हाताची. कर्ता अज्ञात."

किंमत

आता दादाचा खरा प्रश्न. रुपया-डॉलरमधला आकडा मी इथे देत नाही, तो वर्षभरात शिळा होतो. त्याऐवजी शंभराचा हिशेब मांडतो. १९८७ चा, काहीही न बदललेला, वापरलेला पण सुस्थितीतला ११९ मॉडेलचा चाकू मूळ म्यानासह जेवढ्याला प्रत्यक्षात विकला जातो, ते शंभर धरा.

"प्रत्यक्षात विकला जातो" यावर माझा भर आहे. जाहिरातीत मागितलेली किंमत ही विकणाऱ्याची आशा असते, आणि न विकलेल्या वस्तूच यादीत सर्वाधिक काळ दिसत राहतात. त्यामुळे नुसती यादी चाळणाऱ्याला बाजार आहे त्यापेक्षा महाग वाटतो. लिलाव संपून पैसे दिले-घेतले गेले अशाच नोंदी घ्यायच्या. त्यातही फोटो पाहून आपल्या वस्तूच्या अवस्थेशी जुळतील तेवढ्याच.

बक गोळा करणाऱ्याला मूळ मूठ, मूळ गार्ड, मूळ झिलई आणि स्पष्ट ठसा हवा असतो. आमच्या चाकूत यातलं काहीच शिल्लक नाही. त्याच्यासाठी हे फक्त घासलेलं पातं आहे, चाळिसाच्या वर तो जाणार नाही. दुसरा गिऱ्हाईक शिंगाच्या मुठीचा देखणा चाकू शोधणारा. त्याला काम आवडेल, हातशिवणीच्या म्यानाचे तो वेगळे मोजेल. पण परक्या माणसाची आद्याक्षरं त्याला खुपतील, आणि शिंग हलकं आहे हे जाणकार असेल तर त्याच्या लक्षात येईल. तो नव्वदपासून एकशेवीसपर्यंत देईल असा माझा अंदाज. खुल्या बाजारातली किंमत हीच: विकायची घाई नसलेला विकणारा आणि घ्यायची सक्ती नसलेला, माहीतगार घेणारा, दोघं ज्या आकड्यावर थांबतील तो.

म्हणजे एवढ्या मेहनतीनंतर चाकूची बाजारातली किंमत जवळजवळ मूळ चाकूइतकीच राहिली. दादाला हे पटायला वेळ लागला. नाव नसलेल्या माणसाचे कष्ट बाजार मोजत नाही. मला हे टोचतं, पण मूल्यांकन लिहिताना टोचणीपोटी आकडा वाढवता येत नाही.

विम्याचा हिशेब वेगळा. चाकू हरवला तर तसाच पुन्हा करून घ्यायला काय लागेल, हा तिथला प्रश्न. मूळ चाकू विकत घ्यायचा, मूठ काढायची, शिंग आणायचं, गार्ड-पॉमेल बसवायचं, पाठीवर नक्षी काढायची, अक्षरं कोरायची, म्यान शिवायचं. आजच्या कारागिराच्या तासांचा दर धरला तर हे तीनशेच्या आसपास जातं. विम्याच्या यादीत हा आकडा लिहायचा, आणि त्यासोबत ठसा, मूठ, पॉमेल, म्यानाची आतली बाजू यांचे तिरप्या उजेडातले फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून. विम्याचा आकडा दाखवून विकायला जाऊ नये आणि विक्रीच्या आकड्यावर विमा उतरवू नये. दोन्ही चुका लोक सर्रास करतात.

काकांना फोन

खरं तर हा फोन पहिल्याच दिवशी करायला हवा होता. दादाला संकोच वाटत होता: भेट दिलेल्या वस्तूची चौकशी केली तर काकांना वाटेल, हा किंमत काढतोय. शेवटी मीच म्हटलं, "किमतीचं काही बोलू नकोस. गोष्ट विचार." स्पीकर चालू ठेवून दादानं फोन लावला.

"काका, त्या चाकूबद्दल थोडं विचारायचं होतं. लिहून ठेवतोय."

"विचार की. काय?"

"म्यानाच्या आत दोन अक्षरं आहेत. कोणाची?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग काका हसले. "तिथे पण मारली होय त्यानं? मला नाही कधी सांगितलं." ती अक्षरं त्यांच्या शेजाऱ्याची होती. दिवसा यंत्रशाळेत नोकरी, संध्याकाळी स्वतःच्या गॅरेजमधे शेगडा लावून हौसेचं काम. काका ज्या वर्षी ती वस्ती सोडून दुसऱ्या शहरात निघाले, त्या वर्षी त्यानं निरोपाची भेट म्हणून हा चाकू करून दिला. साल ब्याण्णव. चाकू काकांचाच होता, पाच वर्षं वापरलेला. शेजाऱ्यानं "धार लावून देतो" म्हणून नेला आणि दोन महिने परत दिला नाही.

"आणि काका, एकोणसत्तर?"

"अरे, शिंग एकोणसत्तरचं. माझं पहिलं हरीण. तेवीस वर्षं भिंतीवर टांगलेलं होतं. त्यानं माझ्या बायकोला गाठून गुपचूप मागून नेलं. मला वाटलं, घर आवरताना टाकून दिलं असेल. मी चिडलोही होतो तिच्यावर."

मी वही उघडून "मेळ बसत नाही" ही ओळ खोडली.

फोन ठेवल्यावर दादानं एक जाड कार्ड घेतलं आणि पेन्सिलीनं लिहिलं, कारण शाई ओलीनं फुटते: पातं १९८७, बक ११९. शिंग १९६९, काकांच्या पहिल्या शिकारीचं. मूठ आणि म्यान १९९२, त्यांच्या शेजाऱ्याच्या हातचं. खाली शेजाऱ्याचं पूर्ण नाव, काकांनी एकेक अक्षर सांगून लिहवून घेतलेलं. कार्ड त्यानं चाकूच्या पेटीत ठेवलं. म्यान वेगळ्या कापडी पिशवीत गेलं. मग मऊ ब्रश आणून तो मुठीच्या खाचांमधली पॉलिशची पांढरी पूड काढत बसला.